कंट्रोल रेंजमध्ये आहे, तरी चार्ट नापास?

प्रश्न : दापोलीजवळ आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. ग्लुकोजच्या नॉर्मल कंट्रोलची (यंत्र बरोबर मोजतंय का ते पाहायला लावायचा, आकडा माहीत असलेला नमुना) पत्रकातली रेंज ८८ ते ११२. गेले दहा दिवस आमचे आकडे ९९ ते १०१ येताहेत. तरी तपासणीला आलेल्या बाई चार्ट पाहून ‘हे चालणार नाही’ म्हणाल्या. एरवी कंट्रोल बाहेर गेला की आम्ही लगेच पुन्हा लावतो, बहुतेक वेळा आत येतो. चुकतंय कुठे?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. पत्रकातली रेंज ऐसपैस असते, कारण तिच्यात अनेक लॅब आणि अनेक यंत्रं मावावी लागतात. तुमच्या यंत्राची रेंज तुम्हीच काढायची. वेगवेगळ्या दिवसांचे किमान २० आकडे घ्या आणि त्यांची सरासरी व एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढा. एकाच दुपारी वीसदा लावून काढलेली एसडी खोटी लहान येते.

समजा सरासरी ९८ आणि एसडी २.५ आली. मग लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलचा रोजचा आकडा ठिपक्याने दाखवणारा आलेख) दोन एसडीच्या रेषा ९३ आणि १०३ वर येतील, तीन एसडीच्या ९०.५ आणि १०५.५ वर. आता तुमचे ठिपके बघा : दहाही ९८ च्या वर. यंत्र जागेवर असेल तर दहाही ठिपके एकाच बाजूला असं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ५१२ त एक. वेस्टगार्डच्या नियमांत (कंट्रोलचे ठिपके कसे वाचायचे त्याचे नियम) म्हणूनच सलग दहा एका बाजूला म्हणजे यंत्रणा सरकली असं धरतात.

काय सरकलं ते शोधायला त्याच बाटलीचे युरिया, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल बघा. सगळेच साधारण दोन टक्के चढले असतील, तर संशय कंट्रोलवर. कंट्रोलची पूड विरघळवताना ५ मिलीऐवजी ४.९ मिली पाणी पडलं की ९८ चे १०० होतात! म्हणून ५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक पिपेटनेच पाणी घाला, बाटली हलवून फेस आणू नका, हळू फिरवा आणि पत्रकात लिहिलाय तेवढा वेळ ठेवा. झाकण उघडं टाकून पंख्याखाली ठेवलेली बाटलीही अशीच आटते. फक्त ग्लुकोजच चढलं असेल, तर स्टँडर्ड (ज्याच्याशी तुलना करून आकडा काढतात ते ठरलेल्या ताकदीचं द्रावण) तपासा : तो खराब होऊन पातळ पडला की फॅक्टर (आकडा काढताना गुणायची संख्या) वाढतो आणि पेशंटचे आकडेही चढतात. ठिपके कुठल्या दिवशी उडी मारून वर गेले ते पाहा आणि त्या दिवशी किटचा लॉट बदलला होता का, हे वहीत शोधा. उडी नसून रोज थोडं थोडं चढत गेलं असेल, तर यंत्रातला दिवा किंवा रिएजंट (तपासणीचं रसायन) जुना होतोय.

‘पुन्हा लावला, आत आला’ ही सवय मात्र सोडा. दोन एसडीबाहेरचा एखादा ठिपका साधारण २२ त एकदा उगाचच पडतो. तो इशारा समजा आणि बाकीचे नियम तपासा. तीन एसडीबाहेर गेला की रिपोर्ट थांबवा, कारण शोधा, दुरुस्त करा आणि मगच कंट्रोल लावा. केलेलं काम तारखेसह वहीत लिहा.

प्रश्न : पावसाळ्यात कधी कधी एकाच वेळी नॉर्मल कंट्रोल +२ एसडीच्या वर आणि हाय कंट्रोल (जास्त आकड्याचा) −२ च्या खाली जातो. सरासरी तर जागेवरच असते.

उत्तर : ही सरकण नव्हे, विखुरणं आहे, म्हणून कॅलिब्रेशन करून उपयोग नाही. फ्लो सेलमधला (यंत्रात नमुना मोजला जातो त्या छोट्या कप्प्यातला) बुडबुडा, पिपेटची ढिली टिप, आणि वीज येतजात असताना कमी-जास्त होणारा व्होल्टेज तपासा. स्टॅबिलायझर नसेल तर आधी तो लावा. वीज आल्यावर ब्लॉक (नमुने गरम ठेवणारा भाग) ३७ अंशांवर स्थिर होईपर्यंत काहीच लावू नका.