व्हिन्स जिरोंडा यांचा आजच्या व्यायामशाळांवर कोणता प्रभाव उरला आहे?

वजन किती उचलले यापेक्षा शरीर किती प्रमाणबद्ध घडले याला महत्त्व देणारी प्रशिक्षणपद्धती हा अमेरिकी शरीरसौष्ठव प्रशिक्षक जिरोंडा यांचा सर्वांत टिकाऊ वारसा आहे. लॉस एंजेलिसमधील त्यांच्या ‘व्हिन्सेस जिम’मध्ये हॉलिवूडचे नट आणि स्पर्धक दोघेही घडले, त्यांचे शिष्य लॅरी स्कॉट यांनी १९६५ आणि १९६६ मध्ये मिस्टर ऑलिंपिया हा शरीरसौष्ठवाचा किताब पटकावला, आणि दंडांसाठीचा जो तिरप्या बाकावरचा व्यायाम आज ‘प्रीचर कर्ल’ किंवा ‘स्कॉट कर्ल’ म्हणून सर्वत्र केला जातो, त्याच्या प्रसाराचे मोठे श्रेय या गुरुशिष्यांकडेच जाते. मध्यम वजन, आठ वेळा आठ आवर्तने आणि मध्ये अगदी अल्प विश्रांती ही त्यांची रचना कमी वेळ असणाऱ्यांना आजही खरोखर उपयोगी पडते. स्टेरॉइडला त्यांनी केलेला उघड विरोध मला याहूनही मोलाचा वाटतो.

मात्र त्यांचे सगळेच आग्रह जसेच्या तसे स्वीकारू नयेत: नितंब रुंद होतात म्हणून खांद्यांवर बार घेऊन बैठका टाळाव्यात, हे त्यांचे मत सौंदर्यदृष्टीतून आले होते, आणि बार मानेपर्यंत उतरवण्याचा त्यांचा आवडता छातीचा व्यायाम दुखऱ्या खांद्यांना अपायकारक ठरू शकतो.