नंदेसरीच्या (बडोद्याजवळची रसायन-कारखान्यांची वसाहत) कारखान्यात रुजू होतोयस ना? मग हे ऐक

अरे, फायली वाचायला वर्ष पडलंय. आधी वाटणी समजून घे: कुंपणाच्या आतली आपत्कालीन योजना कारखान्याची, बाहेरची जिल्हा प्रशासनाची. हे धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांत आहे. रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक असे चार पातळ्यांवर क्रायसिस ग्रुप, म्हणजे अशा संकटासाठीच्या समित्या, नेमले. जिल्ह्याचा अध्यक्ष कलेक्टर. तुझा संबंध जास्त स्थानिक ग्रुपशी. त्याची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. तिथे चहा पिऊन, सही ठोकून उठू नकोस. सरपंच, शाळा, दवाखाना यांचे नंबर तिथल्या तिथे लावून बघ. बडोद्याजवळच्या जरोदला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सहावी बटालियन आहे खरी, पण पहिली मिनिटं तुमची, शेजारच्या कारखान्यांची आणि बंबवाल्यांचीच.

गळती झाली की आधी वारा बघ. क्लोरीन हवेपेक्षा जड, खड्ड्यात, तळघरात साचतो. माणसं वाऱ्याच्या दिशेला काटकोनात, बाजूला आणि उंचावर काढायची. टँकरवरच्या यूएन नंबरात (रसायन ओळखायचा आंतरराष्ट्रीय आकडा) १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया, एवढं पाठच कर.

मॉक ड्रिल सगळे दिवसाउजेडी उरकतात. तू एकदा रात्रपाळीत घेऊन बघ. आणि हो, गावातल्या सूचना गुजरातीत. आपली बडोद्याची मराठी तिथे कामाची नाही.