ठासणीच्या रायफलमधून चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी अचूक कशी लागते?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया लाँग रायफलसारख्या बंदुकीबद्दल विचारताय असं धरतो (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळपास मिटलाच).

खरी मेख चिंधीत आहे. नळीतले आटे (आतल्या पिळाच्या खाचा) पकडतात ते कापडाला, आणि कापड गोळीला फिरवतं. म्हणून .५० इंची नळीत गोळी .४९० ची, शुद्ध मऊ शिशाची घालतात. कापड सुती, घट्ट विणीचं, .०१५ इंचाच्या आसपास जाड, चरबी लावलेलं. गादीच्या खोळीचं उत्तम, जुन्या टी-शर्टचं अजिबात नको.

बार झाला की पुढे जाऊन पडलेली चिंधी उचला. कडा जरा सुटलेल्या, मध्ये काळा गोल डाग, बाकी शाबूत असेल तर ठीक. जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा चरबी कमी लागली. आट्यांच्या रेषेत चिरली असेल तर नळीची कडा धारदार आहे, ती घासून घ्या.

काळी दारू दर वेळी मापून, गोळी ठासायच्या गजाचा दाब तेवढाच, आणि दोन बारांमध्ये ओलसर चिंधीने नळी पुसायची. गोल गोळीचा वेग मात्र भराभर उतरतो. ७५ यार्डांपलीकडच्या हरणावर मी तरी चाप ओढणार नाही.