वाचकांचे प्रश्न : पाण्याच्या रेणूंची चाल आणि न उघडणारी मूठ

या महिन्यात अमळनेर, धुळे आणि यावल तालुका येथून आलेली तीन पत्रे मी एकत्र उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांचा एकमेकांशी परिचय नाही आणि प्रश्नही वरवर पाहता वेगवेगळ्या विषयांचे आहेत. परंतु पहिल्या दोन उत्तरांत जे सांगावे लागले, त्यावाचून तिसरे उत्तर अपुरे राहिले असते. विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एका विद्यार्थिनीने विचारले की, कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू जर एकाच चेतापेशीचा भाग असेल, तर त्याच्या टोकापर्यंत प्रथिने पोहोचतात कशी? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. — एक शिक्षिका, अमळनेर

आपल्या विद्यार्थिनीने अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो आपोआप पसरतो, त्याला आपण विसरण म्हणतो. पेशीच्या आतही पाण्याचे रेणू प्रथिनांना सतत धक्के देत असतात आणि त्या धक्क्यांनी प्रथिने इकडून तिकडे भटकत राहतात. साध्या पेशीची रुंदी दहा-वीस मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग. तेवढे अंतर प्रथिन काही सेकंदांत ओलांडते. मात्र या भटकण्याचा नियम असा आहे की अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट लागतो. कण्यापासून पावलापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरून हाच हिशोब केला, तर एखाद्या मध्यम आकाराच्या प्रथिनाला तेथे पोहोचायला सुमारे सोळाशे वर्षे लागतील. हा हिशोब फळ्यावर जरूर करून दाखवावा, कारण आकडा स्वतः काढल्याशिवाय तो खरा वाटत नाही.

म्हणून चेतापेशीने विसरणावर भिस्त ठेवलेली नाही. तिच्या लांब तंतूत, म्हणजे अक्षतंतूत, सूक्ष्मनलिकांचे रूळ अंथरलेले असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन माल वाहून नेते. १९८५ साली म्हाकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूचा अभ्यास करताना ते सापडले. कायनेसिनला दोन पाय असतात. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे इंधन, त्याचा एक रेणू खर्च करून ते एक पाऊल टाकते आणि ते पाऊल ८ नॅनोमीटरचे असते. एक मीटर अंतरासाठी साडेबारा कोटी पावले लागतील. सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर या वेगाने हा प्रवास अकरा-बारा दिवसांचा होतो. पंढरीची वाट जशी पायीच पण दिशा न सोडता चालून संपते, तसेच हे आहे. परतीचा माल, म्हणजे टाकाऊ भाग आणि टोकाकडचे निरोप, डायनिन नावाचे दुसरे प्रथिन पेशीच्या मुख्य भागाकडे घेऊन येते. एका पावलाला एटीपीचा एक रेणू लागतो, हे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या पत्राच्या उत्तरात एटीपीचा पुरवठाच तुटणार आहे.

मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करावे असे मनात आहे. परंतु वडील म्हणतात की, कागदावरच्या समीकरणांनी ना कोणाचे पोट भरते, ना कोणाचे दुखणे बरे होते. त्यांना काय सांगू? — एक विद्यार्थी, धुळे

वरच्या उत्तरातला सोळाशे वर्षांचा आकडा ज्या नियमाने निघाला, तो नियम कागदावरच सापडला होता. परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात अकारण थरथरत राहतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करीत असताना, आइन्स्टाइन यांनी या थरथरण्याचे गणित मांडले. वैद्यक त्यांच्या डोक्यातही नव्हते. अणू आणि रेणू खरोखर असतात की ती केवळ हिशोबाची सोय आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. झाँ पेरँ यांनी प्रयोगांनी ते गणित पडताळून पाहिले आणि १९२६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी १९६५ ची आहे. स्टेजस्कल आणि टॅनर या दोघांनी चुंबकीय क्षेत्राचे विशिष्ट झटके देऊन पाण्याचे रेणू ठरावीक वेळात किती भटकतात, हे मोजण्याची रीत बसवली. मोकळ्या पाण्यातला रेणू शरीराच्या तापमानाला सेकंदाच्या विसाव्या भागात सुमारे १७ मायक्रोमीटर सरकतो. हे अंतर साधारण पेशीच्या आकाराएवढे आहे, आणि येथेच सगळी मौज आहे, कारण पेशींच्या पटलांमुळे रेणूची वाट किती अडते यावरून त्या पेशींची अवस्था कळू शकते. १९८० च्या दशकात ही रीत एमआरआय यंत्रात आली आणि १९९० मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दिसले की, मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर इतर चित्रांत काही उमटण्यापूर्वीच या पद्धतीच्या चित्रात तो भाग उजळून दिसतो. आज पक्षाघाताचे निदान करताना जगभर हे चित्र काढले जाते.

तरीही वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, असे मला प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते. १९०५ पासून १९९० पर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली. समीकरण मांडणाऱ्याला त्याचा असा उपयोग होईल हे ठाऊक नव्हते आणि कोणत्याही सैद्धांतिक संशोधकाला तसे वचन देता येत नाही. पोटापाण्याचा प्रश्नही खरा आहे. म्हणून नेट, गेट आणि जेस्ट या परीक्षांची तयारी नेटाने करावी, संगणकीय गणनेत हात बसवावा आणि जीवशास्त्राकडे पाठ फिरवू नये. वडिलांना प्रा. रूप मलिक यांचे उदाहरण द्यावे. त्यांनी पीएच.डी. भौतिकशास्त्रात केली आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, वर सांगितलेल्या कायनेसिन व डायनिन यांचे बळ प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेझर किरणाने सूक्ष्म कण पकडून ठेवणाऱ्या साधनाने, मोजण्याचे काम उभे केले. त्यासाठी त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, प्रकाशाचा हा चिमटा शोधून काढणारे आर्थर अॅश्किन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तीन महिन्यांपूर्वी पहाटे वडिलांच्या (वय ६२) अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. जळगावला नेईपर्यंत दुपार झाली. आधी सीटी स्कॅन काढला, त्यात विशेष काही दिसत नाही म्हणाले; दुसऱ्या दिवशी एमआरआय काढायला लावला. एकाच आजाराला दोनदा खर्च का? आता ते काठीने चालतात, उजवा हात थोडा हलतो, पण मूठ उघडत नाही. एका परिचितांनी मूलपेशींचे इंजेक्शन सुचवले आहे. खर्च काही लाखांचा. केळीची बाग गहाण ठेवावी का? — एक वाचक, यावल तालुका

बाग गहाण ठेवू नका. कारणे पुढे येतीलच, पण हे वाक्य आधी वाचले जावे अशी माझी इच्छा आहे.

प्रथम खर्चाविषयी. पक्षाघात दोन प्रकारचा असतो: बहुतांश रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि उरलेल्यांत ती फुटते. सांडलेले रक्त सीटी स्कॅनमध्ये लगेच दिसते. गुठळीमुळे झालेली हानी मात्र पहिल्या काही तासांत त्यात बहुधा दिसत नाही. ‘विशेष काही दिसत नाही’ याचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ असा होता, आणि उपचारासाठी तेच आधी कळणे आवश्यक होते. गुठळीने मेंदूचा नेमका कोणता भाग दुखावला, हे एमआरआयने दाखवले. दोन तपासण्यांनी दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. त्या खर्चाबद्दल मनात किंतु ठेवू नये.

एमआरआयला ते कसे दिसते, हे धुळ्याच्या विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरात अर्धे आले आहे. उरलेले अर्धे पेशीत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीच्या स्थितीत त्याला लागणारी ऊर्जा सुमारे वीस टक्के, आणि साठा जवळजवळ शून्य. प्रत्येक चेतापेशीच्या पटलात पंप असतात; ते सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील चेतातंतूंवर काम करताना हा पंप ओळखला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना नोबेल मिळाले. पंप एटीपीवर चालतो. रक्त थांबले की काही मिनिटांत एटीपी संपतो, पंप बंद पडतात, सोडियममागोमाग पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. फुगलेल्या पेशींच्या दाटीत पाण्याच्या रेणूंची चाल अडते. एमआरआयच्या चित्रात जो पांढरा डाग दिसतो, तो या अडलेल्या पाण्याचा असतो.

रक्त तुटलेल्या भागाच्या अगदी मधोमध असलेल्या पेशी लवकर मरतात. भोवतीच्या भागात मात्र पेशी मुक्या झालेल्या, पण जिवंत असतात. पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण लिहिलेले असते, त्यात चंद्र मंद होतो पण झाकला जात नाही; या भागालाही शास्त्रज्ञांनी त्या फिकट सावलीचेच, म्हणजे उपच्छाया, हे नाव दिले आहे. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आपल्याकडे ‘वारे गेले’ म्हणून तेल चोळण्यात आणि उतारा करण्यात हेच तास जातात. माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत घरातल्या आम्हा सर्वांच्या हातून तेच झाले, म्हणून प्रत्येक वाचकाला कळकळीने सांगतो: तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. लक्षणे किती वाजता सुरू झाली, ते लिहून ठेवावे.

आता मूलपेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी. त्यांनी मेंदूची हानी भरून निघेल ही आशा निराधार नव्हती, म्हणून तिची परीक्षाही घेतली गेली, आणि तीही भारतातच. पाच केंद्रांतील १२० रुग्णांवर, त्यांच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी शिरेतून देऊन, रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारातून अपाय दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पक्षाघातासाठी मूलपेशी हा प्रस्थापित उपचार नाही; तो केवळ मंजूर चाचणीचा भाग म्हणूनच देता येतो. मंजूर चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. आपल्याकडे लाखांची मागणी होते आहे, यातच उत्तर आहे.

मग हाती काय उरते? सराव उरतो, आणि तो दुय्यम प्रतीचा उपाय नाही. १९९६ मध्ये माकडांवरील प्रयोगांत दिसले की, मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागाला लहानशी इजा झाल्यावर बोटांनी खाद्याच्या गोळ्या उचलण्याचा रोज सराव करवला, तर शेजारच्या शाबूत भागातील हाताचे क्षेत्र टिकून राहते. सराव न केल्यास तेही आक्रसते. माणसांवरील चाचण्यांत, पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा निष्कर्ष २००६ मध्ये आला: चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेतल्यावर हाताचा वापर सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. मात्र त्या रुग्णांना मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत होती. आपल्या वडिलांची मूठ मुळीच उघडत नसेल, तर ही पद्धत आज त्यांच्यासाठी नाही, आणि काठी धरणारा हात बांधणे तर पडण्यालाच आमंत्रण आहे. त्यांच्यासाठी आरसा-पद्धती फिजिओथेरपिस्टना विचारून पाहावी: आरसा मध्ये उभा ठेवून डावा हात हलवायचा आणि प्रतिबिंबात उजवाच हलतो आहे असे पाहत त्यालाही हलवण्याचा प्रयत्न करायचा. तिचा माफक पण खरा उपयोग चाचण्यांत दिसला आहे.

आणखी एक निष्कर्ष लपवणे योग्य नाही. नातेवाइकांना शिकवून घरीच व्यायाम करवण्याची मोठी चाचणी भारतातील १४ रुग्णालयांत, १२५० रुग्णांवर झाली. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नातेवाइकांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. घरच्यांचे कष्ट वाया जातात, असा अर्थ मी यातून काढत नाही. जाणकार फिजिओथेरपिस्टची जागा केवळ घरच्यांना घेता येत नाही, असा काढतो. इंजेक्शनसाठी जमवलेल्या रकमेचा लहानसा भाग जरी त्यांच्या अधिक भेटींवर खर्च केला, तरी तो पैसा योग्य जागी जाईल.

व्यायामाच्या एका सत्रात दुबळ्या हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ च होतात, असे २००९ च्या एका पाहणीत आढळले होते; प्रयोगातील प्राणी तीच हालचाल रोज शेकडो वेळा करतात. म्हणून ओळखीची, हातात मुरलेली कामे निवडा. बोटे थोडी सुटू लागली की परातीत कापूस घेऊन त्यातील सरकी वेगळी काढणे, वाती वळणे, केळ सोलणे. तोवर दोन्ही हातांची बोटे गुंफून टेबलावरचा तांब्या पुढे सरकवणे. उठवताना उजव्या दंडाला धरून ओढू नका, दुबळा खांदा त्याने निखळतो. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि तंबाखू असेल तर ती सुटलीच पाहिजे. वडील गप्प राहू लागले, जेवणावरून मन उडाले, तर तो हट्ट समजू नका. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर औषध आहे.

बागेच्या नोंदींसाठी वही असेलच. तिच्यातील एका पानावर रोज किती वेळा कोणती हालचाल झाली, ते लिहा. पुढच्या भेटीत ती फिजिओथेरपिस्टना दाखवा आणि मनगट किती अंश वर उचलते, हे मोजून त्याच पानावर तारखेसह त्यांच्याकडून लिहून घ्या.