नौदलाच्या गोदीत पर्यावरण नियमपालन खरंच सुधारलंय, हे नोटिसांच्या संख्येवरून कळतं का?

नाही, नोटिसा मोजून तपासणीला कोणी किती वेळा आलं एवढंच कळतं, आणि सुरक्षा क्षेत्रात बाहेरचा अधिकारी मुळात कमीच येतो. त्यापेक्षा तीच त्रुटी वर्षभरात पुन्हा किती ठिकाणी सापडली ते काढा. तपासणीत शेरा आला की घातक कचऱ्याच्या पिंपाला नवं लेबल लागतं, फाइल बंद होते. पिंप भरायला कधी घेतलं ही तारीख मात्र कोरीच. घातक कचरा साठवायची मुदत 2016च्या नियमांनुसार साधारणपणे 90 दिवस. म्हणून वापरलेल्या तेलाच्या पिंपावरची तारीख, नमुना 3 (घातक कचऱ्याची नोंदवही) मधली नोंद आणि नमुना 10चं मॅनिफेस्ट (कचरा बाहेर नेतानाचा वाहतूक-कागद) शेजारी ठेवून जुळवा. कागदावरचं आणि आवारातलं किती वेगळं आहे ते तिथेच दिसतं. शिवाय हे दोन आकडे:

- त्रुटी सापडल्यापासून बंद होईपर्यंतचे दिवस (सरासरी नको, मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा घ्या, एकच रखडलेलं प्रकरण सरासरी बिघडवतं)
- एकूण त्रुटींपैकी आपल्याच लोकांनी शोधलेल्या किती

सांडपाण्याच्या नमुन्यांची तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मुंबईत जुलैमध्ये पावसाचं पाणी गटारात शिरलं की तेल-ग्रीसचा आकडा आपोआप उतरतो, आणि दुरुस्तीला जहाजच नसेल तर आणखी.