प्रश्न वाचकांचे : ऐतिहासिक घराचे ‘ईझमेंट’ आणि करसवलत

प्रश्न : ब्रुकलिनमधील फोर्ट ग्रीन या ऐतिहासिक वस्तीत आमचे एकोणिसाव्या शतकातील ब्राउनस्टोन (तपकिरी दगडी दर्शनी भागाचे) घर आहे. त्याच्या बाह्यरूपाचे प्रिझर्वेशन ईझमेंट, म्हणजे बाह्यरूप संमतीशिवाय न बदलण्याचे कायमचे बंधन, एखाद्या संस्थेला दान म्हणून लिहून दिल्यास घराच्या किमतीच्या 10 ते 15 टक्के रकमेची करपात्र उत्पन्नातून वजावट मिळते, असे एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे काय? दान केल्यानंतर गच्चीवर मजला चढवता येईल काय?
– एक वाचक, ब्रुकलिन

उत्तर : टक्केवारीची गोष्ट आपण मनातून काढून टाकावी. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 170 (एच) खाली वजावट मिळते ती ईझमेंटमुळे घराचा बाजारभाव जितका उतरला असेल तितकीच, आणि हा फरक पात्र मूल्यांककाने त्या विशिष्ट घरापुरता काढून द्यावा लागतो. फोर्ट ग्रीनमध्ये नेमकी इथेच गोम आहे. ही वस्ती न्यूयॉर्क शहराच्या लँडमार्क कायद्याने आधीपासूनच संरक्षित असल्यामुळे दर्शनी भागात बदल करायचा तर लँडमार्क्स कमिशनची (वारसा वास्तूंवर देखरेख करणाऱ्या शहराच्या आयोगाची) परवानगी घ्यावीच लागते. मग शहराने जे आधीच बांधून ठेवले आहे, त्यावर आणखी एक करार झाला म्हणून गिऱ्हाईक किती पैसे कमी देणार? आपल्याच वस्तीतील एका घराच्या बाबतीत घराच्या किमतीच्या सुमारे 11 टक्के, म्हणजे 1,15,000 डॉलरची वजावट मागितली गेली होती. 2013 मध्ये टॅक्स कोर्टाने (करविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायालयाने) त्या ईझमेंटचे मूल्य शून्य ठरवले. बोस्टनच्या साउथ एंडमधील एका दांपत्याला तर, वजावट गेली ती गेलीच, वर कमी भरलेल्या करावर 40 टक्के दंडही बसला.

मजल्याचा विचार सोडावा. ऐतिहासिक वस्तीतील इमारतीसाठी 2006 पासून ईझमेंटमध्ये पुढची, मागची आणि बाजूची अंगे तर येतातच, शिवाय इमारतीची उंचीही येते. परसाकडचा डेक किंवा खिडक्यांच्या नव्या चौकटी यांनाही संस्थेची संमती लागेल. हा करार कायमचा असून घर विकले तरी तो नव्या मालकावर बंधनकारक राहतो. मुंबईत वारसा इमारतीच्या मालकाला मिळणारा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क) बाजारात विकता येतो. इथे विकण्याजोगे काहीच हाती येत नाही.

मूल्य खरोखर सिद्ध झाले, तर मात्र सवलत चांगली आहे. इतर दाने धरून एजीआयच्या (करविवरणातील समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या) 50 टक्क्यांपर्यंत वजावट घेता येते आणि उरलेली रक्कम पुढील 15 वर्षांत वापरता येते. उदाहरणार्थ, एजीआय 2,00,000 डॉलर आणि ईझमेंटचे मूल्य 1,50,000 डॉलर असल्यास पहिल्या वर्षी 1,00,000 व उरलेले 50,000 पुढे. घर वस्तीच्या ऐतिहासिक महत्त्वात भर घालते असे नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय खात्याचे प्रमाणपत्र, मूल्यांकन अहवाल, संपूर्ण बाह्यभागाची छायाचित्रे, फॉर्म 8283 (वस्तुरूप दानाची माहिती देणारा करविवरणाचा फॉर्म) आणि वजावट 10,000 डॉलरहून अधिक असल्यास 500 डॉलर शुल्क, एवढे सगळे लागते. मूल्यांककाचे मानधन मूल्याच्या टक्केवारीवर ठरलेले असेल, तर तो अहवाल चालत नाही.

शहराचे संरक्षण आधीच असलेल्या घरमालकाने हे दान केवळ वजावटीच्या भरवशावर करू नये, असे माझे मत आहे. तरीही करावयाचे असल्यास प्रथम गृहकर्ज देणाऱ्या बँकेला विचारावे, कारण बँकेने आपला गहाणहक्क ईझमेंटच्या मागे ठेवण्यास लेखी संमती दिल्याशिवाय वजावट मिळत नाही. ती संमती हाती आल्यावरच मूल्यांककाला बोलवावे.