बेब रूथची स्वाक्षरी खरी की खोटी?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला बेब रूथ या जुन्या विख्यात बेसबॉलपटूची स्वाक्षरी असलेला बेसबॉल मिळाला. त्यावर जो क्रोनिन या दुसऱ्या नामवंत खेळाडूचीही स्वाक्षरी आहे आणि विक्रेत्याने प्रमाणपत्रही दिले आहे. हा चेंडू अस्सल मानावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वाक्षरीचे वळण तपासण्याआधी चेंडू पाहावा, आणि आपल्या बाबतीत चेंडूनेच निकाल दिला आहे. क्रोनिन हे खेळाडू म्हणून थोर होते यात शंका नाही. परंतु निवृत्तीनंतर 1959 ते 1973 या काळात ते अमेरिकन लीग या व्यावसायिक बेसबॉल संघांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, आणि लीगच्या अधिकृत चेंडूंवर तत्कालीन अध्यक्षांची स्वाक्षरी छापण्याची प्रथा होती. म्हणजे ज्याला आपण दुसरी स्वाक्षरी समजत आहात, तो बहुधा कारखान्यातला छाप आहे. तसे असल्यास हा चेंडू 1959 पूर्वीचा असूच शकत नाही, आणि रूथ तर ऑगस्ट 1948 मध्येच निवर्तले. त्यांच्या हयातीतील अमेरिकन लीगच्या चेंडूवर बॅन जॉन्सन, अर्नेस्ट बर्नार्ड किंवा विल्यम हॅरिज यांचे नाव असायला हवे.

अर्थात छाप योग्य काळाचा असला म्हणजे स्वाक्षरी खरी ठरली असे नव्हे, कारण जुने कोरे चेंडू मिळवून त्यांवर सही ठोकणारेही आहेत. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत 1999 साली टाकलेल्या छाप्यांत बनावट स्वाक्षऱ्यांचा मोठा कारखानाच उघड झाला. त्या मालात चक्क मदर तेरेसांच्या ‘स्वाक्षरी’चे बेसबॉलही होते! शाईही चुगली करते : बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात 1945 च्या अखेरीस आले, त्यामुळे 1941 मध्ये वारलेले बेसबॉलपटू लू गेरिग यांची बॉलपेनमधली स्वाक्षरी पाहिली की पुढे पाहण्याची गरज उरत नाही.

विक्रेत्यानेच दिलेल्या प्रमाणपत्राला आम्ही फारशी किंमत देणार नाही. पीएसए, जेएसए किंवा बेकेट यांसारख्या स्वाक्षऱ्या तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा अभिप्राय बाजारात ग्राह्य धरला जातो, पण तोही शेवटी जाणकारांचे मतच असतो. चिरंजीवांना संग्रह करायचाच असेल, तर आजच्या खेळाडूंपासून आरंभ करावा. मेजर लीग बेसबॉलच्या 2001 पासूनच्या प्रमाणीकरण योजनेत प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत स्वाक्षरी होते आणि वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावला जातो. तो क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर पैसे देण्यापूर्वीच पडताळता येतो.